इटलीची गाईडसह सहल : कार्यक्रमपत्रिका कशी वाचावी, काय बदलून घ्यावं?

गोदातीर

येत्या ऑक्टोबरात घरातले आठ जण इटलीला जायचं ठरवत आहेत. वयं १४ पासून ७३ पर्यंत. दोघांचे गुडघे दुखरे आहेत, सलग तासभर उभं राहणं जमत नाही. चौघं शाकाहारी. ओढ चित्रं, शिल्पं आणि जुन्या इमारतींची आहे. खरेदीला वेळ नसला तरी चालेल.

एका सहल कंपनीची पत्रिका समोर आहे: सात रात्रींत रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान. बसमध्ये ४५ प्रवासी, सोबत मराठी टूर मॅनेजर. ठिकाणांची नावं भरपूर आहेत, पण यातलं आतून काय बघायला मिळणार ते काही कळत नाही. अशी पत्रिका तपासायची कशी? की तिकिटं आपली आपण काढून तिथले गाईड घ्यावेत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

चुनखडी

पत्रिकेतली नावं बाजूला ठेवा आणि क्रियापदं वाचा. 'प्रवेश तिकिटासह आतून' असं लिहिलं असेल तेवढंच आतून. 'दर्शन', 'फोटो स्टॉप', 'पॅनोरमिक टूर', 'ओरिएंटेशन' या सगळ्याचा अर्थ बसच्या खिडकीतून किंवा चौकात उभं राहून.

तुमच्यासारख्यांसाठी हा फरक फार मोठा आहे. इटलीत उघड्यावरची अनेक महत्त्वाची शिल्पं प्रदूषण आणि पावसापासून वाचवण्यासाठी आत हलवली आहेत आणि बाहेर प्रतिकृती बसवल्या आहेत. फ्लॉरेन्सच्या सिन्योरिया चौकातला डेव्हिड ही प्रतिकृती आहे. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात कोरलेला मूळ पुतळा १८७३ मध्ये अकादेमिया संग्रहालयात नेला. कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्तेरीची, म्हणजे बाप्तिस्म्याच्या इमारतीची, गिबेर्तीने केलेली सोनेरी दारं प्रतिकृती आहेत, मूळ दारं कॅथेड्रलच्या मागच्या संग्रहालयात आहेत. व्हेनिसला सान मार्को बॅसिलिकेच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, दर्शनी भागावरचे चार घोडे प्रतिकृती. १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून लुटून आणलेले मूळ घोडे त्याच इमारतीत, आत. रोमच्या कॅपिटोलिन टेकडीवरचा मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळाही तसाच, मूळ संग्रहालयात. म्हणजे 'बाहेरून दर्शन' घेणारा माणूस बराचसा वेळ प्रतिकृतींचे फोटो काढत असतो आणि खरी वस्तू शंभर पावलांवर भिंतीआड असते.

तेव्हा कंपनीला लेखी विचारा: फ्लॉरेन्सचं उफीझी चित्रसंग्रहालय आतून आहे का? अकादेमिया आहे का? व्हॅटिकन संग्रहालय आहे, की फक्त सेंट पीटरचा चौक आणि बॅसिलिका? बॅसिलिकेला तिकीट नसतं, म्हणून अनेक पत्रिकांत 'व्हॅटिकन' म्हणजे तेवढंच असतं. सिस्टीन चॅपल संग्रहालयाच्या तिकिटात येतं. ते बॅसिलिकेच्या आत आहे असं समजून लोक चौकात शोधत बसतात.

दुसरा प्रश्न गाईडचा. टूर मॅनेजर आणि गाईड ही दोन वेगळी माणसं. मॅनेजर हॉटेल, बस, जेवणं बघतो. स्मारकात आणि संग्रहालयात उभं राहून माहिती सांगायला इटलीत परवानाधारक गाईड लागतो. २०२३ च्या १९० क्रमांकाच्या कायद्याने त्यांची राष्ट्रीय नोंदवही ठरवून दिली आहे. तेव्हा 'प्रत्येक शहरात परवानाधारक स्थानिक गाईड किती तास?' असं विचारा. 'गाईड आहे' एवढं उत्तर पुरेसं नाही, तास हवेत.

तिसरा आकडा गटाचा. व्हेनिसमध्ये २०२४ पासून गाईडच्या मागे २५ पेक्षा जास्त लोक चालत नाहीत आणि लाउडस्पीकरला बंदी आहे. म्हणजे ४५ जणांना तिथे दोन गाईड लागणार. ते दिले आहेत का, हे विचारलं की पत्रिका किती काळजीने बनवली आहे ते लगेच कळतं. कानात लावायचे रिसीव्हर कंपनीकडून मिळणार की भाडं वेगळं, हेही विचारून घ्या.

रूळवाट

चुनखडींनी आतलं सांगितलं, मी रस्त्याचं सांगतो. सात रात्रींत पाच शहरं बसने करायची तर निम्मी सहल महामार्गावर जाते, आणि त्यामागे नियम आहेत.

युरोपीय संघात बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं. दिवसाला साधारणपणे ९ तास ड्रायव्हिंग, आणि दोन दिवसांच्या मध्ये ११ तास सलग विश्रांती. ही विश्रांती ९ तासांवर आणता येते, पण आठवड्यात मोजक्याच वेळा. रात्री दहाला बस हॉटेलवर लागली तर सकाळी नऊच्या आधी निघणं अवघड. म्हणून अशा सहलींत रात्रीचं शहर बघायला मिळत नाही आणि सकाळी पहिल्या वेळेचं तिकीटही घेता येत नाही. संग्रहालय सर्वात मोकळं असतं ते नेमकं उघडल्या उघडल्या.

शिवाय जुन्या शहरांच्या गाभ्यात वाहनबंदीचा पट्टा असतो. पर्यटक बस ठरलेल्या जागी उतरवते आणि पुढे चालायचं. व्हेनिसला ट्रोन्केत्तो या बेटावर बस थांबते, तिथून बोट. हॉटेल बहुधा मेस्त्रेला, म्हणजे मुख्य भूमीवर. रोज जाऊन येऊन दोन तास सहज जातात.

तीच शहरं जलद रेल्वेने: रोम ते फ्लॉरेन्स सुमारे दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तासांच्या आसपास, व्हेनिस ते मिलान अडीच तासांच्या आत. गाडी शहराच्या मध्यात उतरवते. स्टेशनांची नावं मात्र नीट बघा: फ्लॉरेन्सला सांता मारिया नोव्हेल्ला आणि व्हेनिसला सांता लुचिया. काही गाड्या फ्लॉरेन्सच्या काम्पो दी मार्ते किंवा रिफ्रेदीला थांबतात, आणि व्हेनिसच्या मेस्त्रेला उतरलात तर बेटावर जायला पुन्हा गाडी धरावी लागते.

तिकिटांचं: जलद गाड्यांची सर्वात स्वस्त तिकिटं परत होत नाहीत, व्हिसा हातात आल्याशिवाय ती घेऊ नका. प्रादेशिक गाड्यांचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात ठसा मारून घ्यावं लागतं आणि डिजिटल तिकिटाचं चेक-इन करावं लागतं. ते राहिलं तर तिकीट खिशात असूनही दंड होतो. संप आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात प्रादेशिक गाड्यांची हमी असते.

आठ जण म्हणजे मोठी सोय आहे. शहरागणिक तीन तासांचा खाजगी गाईड घेतला तर खर्च आठांत वाटला जातो. माझं मत: बसची पत्रिका सोडा.

मोडीवाचक

रूळवाटांशी सहमत, पण एक अडचण आधीच सांगतो. स्वतः करायचं तर तिकिटांचा क्रम चुकवून चालत नाही. प्रत्येक जागेचं आरक्षण वेगळ्या दिवशी उघडतं.

मिलानच्या 'लास्ट सपर' या लिओनार्दोच्या भित्तिचित्राची तिकिटं तिमाहीच्या गठ्ठ्यात सुटतात आणि पटकन संपतात. व्हॅटिकनची अधिकृत तिकिटं ६० दिवस आधी, कलोसियमची ३० दिवस आधी. रोमच्या बोर्गेझे गॅलरीत दोन तासांच्या पाळ्या असतात, आरक्षणाशिवाय प्रवेश नाही आणि दोन तास झाले की बाहेर पडायचं.

कलोसियमचं तिकीट नावानिशी असतं. दारात पासपोर्टशी ताडून बघतात आणि नाव बदलून मिळत नाही. आपल्याकडे नेमकी इथेच गडबड होते: पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, किंवा नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही, आणि तिकिटावर मात्र घरात हाक मारायचं नाव. पासपोर्टच्या तळाशी ज्या दोन छापील ओळी असतात त्यावरून जसंच्या तसं भरा. पासपोर्टही मूळच न्या.

तिकिटावरची वेळ कलोसियमच्या प्रवेशाची असते. त्याच तिकिटात फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि पॅलाटिन टेकडी येतात, ते त्या वेळेच्या आधी किंवा नंतर, चोवीस तासांच्या मुदतीत. साध्या तिकिटात रिंगण आणि तळघर येत नाही, त्याला वेगळं तिकीट लागतं. तळघराला पायऱ्या आहेत. तुमच्या दोघांसाठी साधं तिकीट पुरे. वरच्या मजल्यासाठी लिफ्ट आहे, ती कर्मचाऱ्यांना सांगून मागायची. फोरममधला जुना रस्ता बेसॉल्टच्या उंचसखल फरशांचा आहे. तिथे गुडघे बोलतात. त्यांना कॅपिटोलिन टेकडीच्या मागच्या कठड्यावर बसवा, अख्खं फोरम समोर पसरलेलं दिसतं आणि तिकीट लागत नाही.

ओलागिलावा

व्हॅटिकनबद्दल एक गोष्ट गाईड ठरवतानाच माहीत हवी. सिस्टीन चॅपलमध्ये बोलायला आणि फोटोला मनाई आहे, गाईडही आत माहिती देत नाही. छत आणि भिंत बाहेरच्या अंगणात, तिथल्या चित्रफलकांसमोर समजावून दिली जाते. हे वीस मिनिटांचं समजावणं ज्याने टाळलं तो गाईड फुकट गेला. आत गेल्यावर मान वर करून गर्दीत उभ्या माणसाला दिसतात फक्त खूप सारी माणसं.

काय बघायचं ते थोडक्यात. मायकेलअँजेलोने छत १५०८ ते १५१२ मध्ये रंगवलं आणि वेदीमागची 'अंतिम न्याया'ची भिंत १५३६ ते १५४१ मध्ये. छताच्या मध्यावर बायबलमधल्या उत्पत्तीच्या नऊ कथा आहेत. कथेचा क्रम वेदीकडून सुरू होतो, पण त्याने रंगवायला सुरुवात दुसऱ्या टोकाने केली, नोहाच्या कथांपासून. तिथल्या प्रलयाच्या चित्रात माणसं बारीक आणि पुष्कळ आहेत. पुढे वेदीकडे सरकाल तशी माणसं कमी आणि आकृत्या मोठ्या होत जातात, कारण वीस मीटर खालून बारीक आकृत्या वाचता येत नाहीत. दोन टोकांना उभं राहून हे ताडून बघा. कडेला बाकं आहेत, जागा मिळाली की गुडघेवाल्यांना आधी बसवा.

कपड्यांचा नियम कडक आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायका-पुरुष दोघांनाही. चॅपलमधून गटांना थेट बॅसिलिकेत नेणारं एक दार आहे, पण ते अनेकदा बंद ठेवतात, त्यावर वेळापत्रक बांधू नका. बॅग संग्रहालयाच्या सामानघरात ठेवून त्या दाराने बाहेर पडलात तर बॅगेसाठी तटबंदीला वळसा घालून परत यावं लागतं.

बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असते, त्या वेळी बॅसिलिका बंद. संग्रहालय रविवारी बंद. महिन्याचा शेवटचा रविवार उघडा आणि मोफत असतो, पण तो तुमच्यासाठी नाही, रांग बघवत नाही. रविवारच्या सुट्टीमुळे सोमवारीही गर्दी फुगते.

आता मिलान. मी तुमच्या यादीतून मिलान काढून तिथे पादुआ घातलं असतं. 'लास्ट सपर'ला मिळतात पंधरा मिनिटं आणि चित्र अत्यंत झिजलेलं आहे. लिओनार्दोने १४९५ ते १४९८ मध्ये ते ओल्या गिलाव्यावर न काढता कोरड्या भिंतीवर काढलं. ओल्या गिलाव्यात रंग चुन्याबरोबर दगडासारखा पक्का होतो, पण तेवढ्या दिवसाचा गिलावा सुकायच्या आत काम संपवावं लागतं. लिओनार्दोला सावकाश, थरावर थर देत काम करायचं होतं. रंग भिंतीत मुरलाच नाही, वर बसून राहिला आणि त्याच्या हयातीतच पोपडे सुटू लागले.

पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपलमध्ये जोत्तोने त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी, १३०५ च्या सुमारास, चारी भिंती ओल्या गिलाव्यावर रंगवल्या. त्या अजून ताज्या आहेत. तिथेही निळा रंग बघा: अझुराइट या खनिजाचा तो निळा कोरड्यावर दिला होता, म्हणून नेमका तोच जागोजागी उडालेला आहे. एकाच भिंतीवर दोन्ही पद्धतींचा निकाल समोर दिसतो.

अजिंठा ज्यांनी नीट पाहिलं आहे त्यांना हे विशेष कळेल. अजिंठ्याची चित्रंही सुकलेल्या लेपावरची आहेत. १९२० ते २२ मध्ये निजामाच्या पुरातत्त्व खात्याने ती वाचवायला लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञच आणले होते. त्यांनी सुटलेले पोपडे चिकटवले, पण वर दिलेलं शेलॅकचं (लाखेचं) रोगण पुढे पिवळं पडलं.

मोडीवाचक

ओलागिलावा, पादुआबद्दल शंका नाही, पण 'लास्ट सपर' झिजलंय म्हणून वगळावं हे पटत नाही. ते चित्र मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे आणि चित्रातल्या छताच्या, भिंतींच्या रेषा त्या खऱ्या खोलीच्याच पुढे वाढवलेल्या आहेत. साडेचार मीटर उंच आणि जवळपास नऊ मीटर रुंद. छापील चित्रात हे कळायचा मार्गच नाही. १६५२ मध्ये खालून दार फोडलं तेव्हा येशूचे पाय गेले, तेही तिथेच नीट समजतं. १९९९ मध्ये संपलेल्या वीस वर्षांच्या दुरुस्तीनंतर मूळचं जे काही उरलं आहे ते तरी लिओनार्दोचं आहे, आधीच्या डागडुजीवाल्यांचं नाही.

व्यवहाराचा तोडगा असा: परतीचं विमान मिलानहून असेल तर तिथे एक रात्र टाका आणि तिकीट मिळालं तरच. विमान व्हेनिसहून असेल तर मिलान सोडा आणि पादुआ करा.

ओलागिलावा

मान्य. पादुआच्या तिकिटाचं सांगून ठेवतो: एका वेळी २५ माणसं, आधी पंधरा मिनिटं हवा स्थिर करणाऱ्या खोलीत, मग पंधरा मिनिटं चॅपलमध्ये. आरक्षण आगाऊ लागतं आणि उशिरा आलेल्याला पाळी मिळत नाही, तेव्हा व्हेनिसहून आधीची एक गाडी धरून निघा. प्रवास अर्ध्या तासाचा. पंधरा मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून क्रम पाठ करून जा: वेदीकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजव्या भिंतीच्या सर्वात वरच्या पट्ट्यात, वेदीकडून मेरी आणि येशूची कथा सुरू होते, आणि खोलीभोवती फिरत फिरत एकेक पट्टा खाली उतरते. वेळ कमी पडला तर 'यहुदाचं चुंबन' आणि 'शोक' ही दोन सोडू नका.

पंचगंगा

फ्लॉरेन्सला जाणाऱ्या मराठी माणसाने पाहावी अशी एक जागा पत्रिकांत नसते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय जेमतेम विशीचं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारली, खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी बांधला तेच. पुतळा फुलर या शिल्पकाराचा. तिथले लोक या स्मारकाला 'इंडियानो' म्हणतात, आणि शेजारच्या मोठ्या पुलाचं नावही त्यावरून पडलं आहे.

जागा कॅशिने बागेच्या पश्चिम टोकाला आहे. बाग साडेतीन किलोमीटर लांब आहे, त्यामुळे बागेच्या शहराकडच्या तोंडाशी उतरून चालत जाणं गुडघेवाल्यांना झेपायचं नाही. टॅक्सीने थेट 'पियात्साले देल्ल'इंडियानो' सांगा आणि परतीसाठीही टॅक्सी बोलावून ठेवा. तिकीट नाही. नदीकाठी ऊन उतरल्यावर जा.

गोदातीर

सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्हापूरच्या छत्रीचं घरात वाचून दाखवलं, ते नक्की करणार. बसची पत्रिका सोडायचं ठरलं. कच्चा आराखडा असा आहे: बुधवारी दुपारी रोमला पोचायचं, रोमला चार रात्री, रविवारी फ्लॉरेन्सला तीन रात्री, मग व्हेनिसला तीन, आणि शनिवारी व्हेनिसहून परत. मिलान वगळलं.

आता अडचण: सोमवार फ्लॉरेन्समध्ये येतो आणि उफीझी, अकादेमिया दोन्ही सोमवारी बंद दिसतात. शिवाय व्हेनिसमध्ये गुडघ्यांचं कसं करायचं? तिथे प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत म्हणतात. आणि शाकाहाराचं कुणी सांगेल का?

चुनखडी

गोदातीर, तुमचा आराखडा चांगला आहे, वार जुळवून घेऊ.

गुरुवार व्हॅटिकन. शुक्रवार कलोसियम सकाळी, चारनंतर पँथिऑन हे प्राचीन मंदिर. शनिवार बोर्गेझे. तिथे बेर्निनीचं 'अपोलो आणि डाफ्ने' हे शिल्प सर्व बाजूंनी फिरून बघायचं: मागून सुरुवात केली तर आधी पळणारी माणसं दिसतात, पुढे येता येता बोटांची पानं होतात. बॅगा सामानघरात ठेवाव्याच लागतात, वीस मिनिटं आधी पोचा. शनिवारी दुपारनंतर काराव्हाज्जोची चित्रं मोफत: सान लुईजी देई फ्रांचेझी, सांत'अगोस्तीनो आणि सांता मारिया देल पोपोलो ही तीन चर्चं. चित्रं अंधाऱ्या कोनाड्यांत आहेत आणि दिवा लावायला नाणं टाकायचं यंत्र असतं, तेव्हा सुटी नाणी जवळ ठेवा. बरीच चर्चं दुपारी बंद होतात आणि तीन-चारच्या पुढे उघडतात. साडेबारा ते तीन जेवण आणि विश्रांतीलाच द्या.

पँथिऑनला २०२३ पासून तिकीट आहे, सुरुवातीला ते ५ युरो होतं. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची एकच, ४३.३ मीटर. लोखंडी सळई नाही. तो टिकला त्याचं कारण भिंतीची जाडी पायथ्याशी सहा मीटरच्या वर आणि माथ्याच्या भोकाशी सव्वा मीटरच्या आत आहे, आणि काँक्रीटमधली खडीही वर जाल तशी हलकी, अगदी वर ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. पाऊस आत पडतो. जमिनीला हलका फुगवटा आणि पाणी जायला भोकं आहेत, ती शोधा.

रविवारी फ्लॉरेन्सचं कॅथेड्रल पर्यटकांना बंद असतं. तो दिवस प्रवास, आणि संध्याकाळी पंचगंगांनी सांगितलेली छत्री. सोमवारी कॅथेड्रल, बाप्तिस्तेरी आणि मागचं संग्रहालय. या संग्रहालयाकडे लोक दुर्लक्ष करतात, मला ते फ्लॉरेन्समधलं सर्वोत्तम वाटतं: गिबेर्तीची मूळ दारं, दोनातेल्लोची लाकडी मॅग्डालेन, मायकेलअँजेलोने म्हातारपणी स्वतःच्या थडग्यासाठी घेतलेला आणि नंतर घणाने फोडलेला 'पिएता', म्हणजे मृत येशूचं शिल्प. लिफ्ट आहे, बसायला जागा आहे.

ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी ब्रुनेलेस्कीचा घुमट चढावा. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, अर्ध्या वाटेवरून परत फिरायची सोय नाही. तिकिटावरची वेळ बदलून मिळत नाही. १४२० ते १४३६ मध्ये हा घुमट खालून लाकडी आधार न देता बांधला. घुमटाच्या दोन कवचांमधून चढताना बाजूच्या विटा बघा: आडव्या थरांत ठरावीक अंतराने उभ्या विटा घातल्या आहेत. चुना ओला असताना तिरप्या थरातल्या विटा घसरू नयेत म्हणून या उभ्या विटा त्यांना धरून ठेवतात, तोवर पूर्ण कडं जुळतं आणि स्वतःच्या दाबानेच उभं राहतं.

मंगळवारी उफीझी, पहिल्या वेळेचं तिकीट. दुसरा मजला आधी. सुरुवातीच्याच दालनात चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो यांच्या तीन मोठ्या मॅडोना, म्हणजे बाळ येशूला घेतलेल्या मेरीची चित्रं, एकत्र आहेत. तिन्ही सिंहासनं बघा, कोणत्या सिंहासनावर माणूस खरोखर बसू शकेल ते. एवढं गाईडने नीट दाखवलं तर पुढची दोन शतकं सोपी होतात. त्यानंतर बोत्तीचेल्ली. तीन तासांनी थांबा, गच्चीवर उपाहारगृह आहे. मंगळवार महिन्यातला पहिला असेल तर कॅथेड्रलमागच्या संग्रहालयाचं तिकीट सोमवारीच वापरून टाका, त्या मंगळवारी ते बंद असतं. बुधवारी सकाळी अकादेमिया, दुपारची गाडी व्हेनिसला.

रूळवाट

व्हेनिसचं. हॉटेल निवडताना तारे मोजू नका, पूल मोजा. हॉटेलला लेखी विचारा: जवळचा व्हापोरेत्तोचा (सार्वजनिक बोटीचा) धक्का कोणता, आणि तिथपासून दारापर्यंत पायऱ्यांचे पूल किती? उत्तर शून्य किंवा एक हवं. बॅग चाकांची असली तरी पुलावर ती उचलावीच लागते. हॉटेलला लिफ्ट आहे का हेही विचारा, जुन्या इमारतींत बरेचदा नसते.

व्हापोरेत्तो म्हणजे जलमार्गावरची सार्वजनिक बोट. २०२५ च्या दराने ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो, ७२ तासांचा पास ४५. गुडघे दुखत असतील तर पासच घ्या आणि दोन धक्के अंतर असलं तरी बोटीनेच जा. एक नंबरची बोट ग्रँड कॅनॉलवर जवळपास प्रत्येक धक्का घेते, स्टेशनपासून सान मार्कोला पाऊण तास लागतो. बाजूचे वाडे बघायचे तर तीच बरी. घाई असेल तर दोन नंबर.

ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क असतं. २०२५ मध्ये आधी नोंदवलं तर ५ युरो आणि ऐनवेळी १०. शहरात रात्री राहणाऱ्यांना ते माफ आहे, पण माफीचा कोड संकेतस्थळावरून काढून जवळ ठेवावा लागतो. ऑक्टोबरसाठी त्या वर्षीची दिवसांची यादी तपासा. हॉटेलचा शहर कर प्रत्येक शहरात वेगळा, माणशी आणि रात्रीमागे, आणि तो बुकिंगच्या रकमेत बहुधा नसतो. तो जागेवर भरायचा.

ऑक्टोबरपासून भरतीच्या पाण्याचा मोसम सुरू होतो. २०२० पासून खाडीच्या तोंडाशी मोझे या पूररोधक योजनेचे दरवाजे उभे केले जातात, त्यामुळे मोठी भरती आता शहरात शिरत नाही. दरवाजे उचलायची पातळी न गाठणाऱ्या भरतीलाही सान मार्को चौक हा सखल भाग असल्याने तिथे थोडं पाणी येऊ शकतं.

तिखटजाळ

शाकाहाराबद्दल. 'वेजेतारियानो' म्हटलं की मांस येत नाही, पण रस्सा, चरबी आणि मासळी लपून येतात. कुठे लपतात ते सांगते.

रिसोत्तो, म्हणजे तिथला मऊ भात, बहुधा मांसाच्या रश्शात शिजवतात, 'ब्रोदो वेजेताले' आहे का विचारा. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सुपात आणि शेंगांच्या सुपात पँचेत्ता, म्हणजे डुकराच्या पोटाचं खारवलेलं मांस, फोडणीला असतं. रोममधल्या भोपळ्याच्या तळलेल्या फुलांत चीजबरोबर अँकोव्ही मासा भरतात. कार्बोनारा आणि आमात्रिचाना तर मांसाचेच. व्हेनिसच्या चिक्केत्ती या छोट्या खाऊत बरेचसे मासे. पन्ना कोत्तात जिलेटिन, तिरामिसूत कच्चं अंडं.

चीजचं जे कडक पाळतात त्यांच्यासाठी: पार्मिजानो रेज्जानो वासराच्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध फाडणाऱ्या जठरातल्या द्रवाशिवाय, बनतच नाही, पेकोरिनो रोमानो कोकराच्या. 'सेन्त्सा फॉर्माज्जो' म्हणजे चीज नको. पिझ्झा मारिनारात फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असतं. फ्लॉरेन्सला रिबोल्लिता आणि पाप्पा आल पोमोदोरो हे पावाचे दोन गाढे पदार्थ बहुतेक ठिकाणी शाकाहारी मिळतात, तरी रस्सा विचारून घ्या. कांदा-लसूण नको असेल तर 'सेन्त्सा चिपोल्ला, सेन्त्सा आल्यो'.

स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या आसपास बंद होतं आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत उघडत नाही. औषधं घेणाऱ्या ज्येष्ठांच्या वेळा याच्याशी जुळवा, आणि खाकरा-चिवडा रोजच्या पिशवीत ठेवा. काचेच्या बाटल्या कलोसियममध्ये नेऊ देत नाहीत. रोमच्या रस्त्यांवरच्या लोखंडी नळांचं पाणी पिण्याचं असतं. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं येतं, वाकावं लागत नाही.

सांजपर्व

एवढ्या चर्चेत राव्हेन्ना शहराचा उल्लेख नाही? तिथल्या सान व्हिताले चर्चचे मोझेक सहाव्या शतकातले आहेत.

ओलागिलावा

राव्हेन्ना अप्रतिमच. काचेचे तुकडे मुद्दाम किंचित तिरपे बसवलेत, त्यामुळे आपण चालतो तसा सोन्याचा प्रकाश हलतो. पण जलद गाडी थेट जात नाही, बोलोन्यात बदलून प्रादेशिक गाडीने तासाच्या वर. या आराखड्यात घालायचं तर फ्लॉरेन्स आणि व्हेनिसच्या मधे बोलोन्याला एक रात्र वाढवावी लागेल. दहा रात्रींत, दोन दुखऱ्या गुडघ्यांच्या जोड्या घेऊन, मी घालणार नाही.

मोडीवाचक

गोदातीर, व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. ऑक्टोबरसाठी जुलैतच भेटीची वेळ घ्या, युरोपातल्या उन्हाळ्यात वेळा भरलेल्या असतात. विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं हवं. हॉटेलं परत करता येतील अशीच घ्या. मग क्रम असा: बोर्गेझे आणि उफीझी, व्हॅटिकन ६० व्या दिवशी, पादुआ, शेवटी कलोसियम ३० व्या दिवशी. गाईडला मात्र तिकिटं काढायच्या आधी तारीख विचारा, कारण काही जागी गटाचं तिकीट गाईडच काढतो आणि रिसीव्हरही तोच आणतो. एकाच पाळीची दोनदा तिकिटं निघाली तर पैसे परत मिळत नाहीत.

गोदातीर

आणखी एक. गाईड किती तासांचा घ्यावा? उफीझीला अख्खा दिवस म्हणणारेही भेटले.

चुनखडी

तीन तास, त्याहून जास्त नको. आणि गाईडला आधीच कळवा: आठ जण, दोघांना दर वीस-पंचवीस मिनिटांनी बसायचं आहे, १४ वर्षांचं मूल आहे, चित्रं कमी पण सावकाश. 'पंचवीस चित्रं' असं ठरवून द्या, यादी त्यांच्याकडून मागवा. रोमला गाईड व्हॅटिकन आणि कलोसियमसाठी घ्या, बोर्गेझेत ऑडिओगाईड चालेल. व्हेनिसला डोजेच्या, म्हणजे जुन्या शासकाच्या, वाड्यासाठी घ्या. सान मार्को बॅसिलिकेत मोठ्या बॅगा चालत नाहीत. मूळ घोडे आणि गच्ची वरच्या मजल्यावर आहेत. तिथे जायचा जिना चढा आहे, तो ज्यांना जमेल त्यांनीच चढावा. बाकीच्यांसाठी खालीच वेदीमागे 'पाला द'ओरो' हा सोन्याचा फलक आहे, त्याचं तिकीट वेगळं काढा.